उपाशी पेशींचा दरवान

खोलीत दोन फ्रीज होते, त्यांतला एक चालू. नळ्या गरगर फिरवणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं तीन: एक वॉशिंग मशीनएवढं, दोन डब्याएवढी. पिपेट अकरा, त्यांतल्या नऊ अचूक मोजणाऱ्या. काचेच्या बाटल्या एकशे बेचाळीस, झाकणं एकशे सदतीस. पेशी वाढवायचं उबदार कपाट एक. त्याचं दार नीट लागत नसल्यामुळे त्याला खुर्ची टेकवलेली. गोठवून ठेवलेली यीस्टची वाणं तीनशे बारा. अँटिबॉडीची कुपी एक, तिच्या तळाशी चाळीस मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंबही पुरता नाही. खुर्च्या पाच, दाराला टेकवलेली धरून. माणसं तीन.

"माणसं कशाला मोजलीस?" थोरला म्हणाला. "ती ऑफिस परत घेत नाही."

बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या आणि खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार होती, म्हणून ही मोजणी. मला इथे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, पदवीची शाईसुद्धा वाळली नव्हती, तेव्हा असलं काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. थोरला हा बाईंचा शेवटचा विद्यार्थी. त्याचा प्रबंध कधीच सादर झाला होता, कपाळावरचे केस मागे सरकले होते, तरी तो रोज सकाळी हजर. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला धाकटी. बाईंना सगळेच बाई म्हणत, अगदी विभागप्रमुखसुद्धा, कारण तेही एके काळी याच खोलीत बाटल्या धूत होते.

खोलीतली सगळ्यात जुनी वस्तू मात्र मोजणीत धरता येत नव्हती. ती म्हणजे बाईंची एक कल्पना. ती वीस वर्षांची होती आणि अजून अर्धीच सिद्ध झाली होती.

यीस्ट म्हणजे पाव फुगवतं तेच. त्याची एकेक पेशी साखर आहे तोवर वाढते आणि दुभागते. साखर संपली की थांबते. भिंत जाड करते, थोडा साठा करून ठेवते आणि वाट बघत बसते. हे थांबणं वाढण्याइतकंच कसबाचं आहे. जिला वेळेवर थांबता येत नाही ती पेशी दुष्काळात मरते. थांबायचं की निघायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांपैकी एक आमच्या खोलीचं लाडकं होतं. कागदोपत्री त्याचं नाव चार अक्षरं आणि दोन आकडे असं होतं, पण ते कुणी उच्चारत नसे. आम्ही त्याला दरवान म्हणायचो.

दरवानाच्या लांबलचक साखळीत एका जागी सेरीन नावाचा दुवा आहे. त्या सेरीनवर फॉस्फेट येऊन बसलं की दरवान दार उघडतो आणि पेशी दुभागायला निघते. फॉस्फेट निघून गेलं की दार बंद. फॉस्फेट म्हणजे तरी केवढं? एक फॉस्फरस आणि त्याच्याभोवती चार ऑक्सिजन. दरवानात सहा हजारांच्या आसपास अणू आहेत. हत्तीच्या पाठीवर चिमणी बसावी आणि हत्तीने वाट बदलावी, असला हा प्रकार. पण चिमणीजवळ ऋणभार असतो. तो आला की शेजारचे धनभाराचे दुवे तिच्याकडे ओढले जातात, त्यांच्यामागून त्यांचे शेजारी हलतात आणि सगळं प्रथिन कूस बदलतं. फॉस्फेट बसवतं ते एंझाइम कायनेज, काढतं ते फॉस्फटेज. नवं प्रथिन घडवायला पेशीला मिनिटं लागतात. घडवलेल्यावर फॉस्फेट चढवायला सेकंदही पुष्कळ होतो. खर्च एका एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या एका नाण्याचा. माणसाच्या शरीरात अशी कायनेज पाचशेच्या वर आहेत, यीस्टमध्ये शंभराच्या वर, आणि बहुतेक सगळ्यांचा चेहरामोहरा एकाच घराण्यातला: दोन गोळे, मध्ये खाच, खाचेत एटीपी. हे मी पदवीच्या वर्षात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आधी दार आलं की आधी कडी?" आणि ते माझ्या पाठांतरात नव्हतं.

बाईंची कल्पना त्या प्रश्नाचं उत्तर होती. फार पूर्वी दरवानाच्या त्या जागी सेरीन नव्हतंच, असं त्यांचं म्हणणं. तिथे ग्लुटामेट नावाचा दुवा होता. ग्लुटामेटला ऋणभार जन्मजात असतो, म्हणजे दार कायमचं उघडं. पुढे कधीतरी ग्लुटामेट जाऊन सेरीन आलं. सेरीनचा स्वतःचा भार काहीच नाही. लागेल तेव्हा तो फॉस्फेटकडून घ्यायचा.

"उसना आणलेला भार परत करता येतो," बाई म्हणायच्या. "अंगचा भार माणूस कुठे ठेवून येणार?"

काही दुसऱ्या प्रथिनांत हे असंच घडल्याचं लोकांनी दाखवलं होतं. बाईंना ते दरवानात बघायचं होतं. चाळीस नातेवाईक यीस्टांचे दरवान शेजारीशेजारी मांडून त्यांनी जुन्या दरवानाची अक्षरं काढली होती, भावंडांची नाकं बघून पणजोबांचं नाक काढावं तशी. अडचण एकच होती. ग्लुटामेटचं सेरीन व्हायला जनुकातली किमान दोन अक्षरं बदलावी लागतात. दोन्ही एकदम बदलणं दुर्मिळ, आणि मधल्या पायरीवर येतं अॅलनीन, ज्याला ना स्वतःचा भार, ना फॉस्फेट धरायची सोय. मग मधल्या काळात दरवानाविना पेशी जगली कशी? तर या यीस्टच्या पूर्वजात कधीतरी सगळ्याच जनुकांची दुसरी प्रत पडली होती.

"एका भावाने घर चालवलं," बाई सांगत, "म्हणून दुसऱ्याला बसून शिकता आलं."

"बाई, हे वाक्य एकदा माझ्या आईसमोर म्हणा," थोरला म्हणे. "आमच्या घरी अगदी हेच चालू आहे, पण कुणी त्याला उत्क्रांती म्हणत नाही."

कल्पनेचा पहिला अर्धा भाग झाला होता. थोरल्याने जुना, ग्लुटामेटवाला दरवान घडवून आजच्या यीस्टमध्ये बसवला आणि दोन्ही वाणं दहा दिवस बिनसाखरेची ठेवली. आजच्या दरवानाच्या शंभर पेशींतल्या एक्क्याऐंशी जगल्या, जुन्या दरवानाच्या सहा. कायम उघडं दार दुष्काळात जिवावर बेततं, एवढं दिसलं.

दुसरा अर्धा भाग वाटायला सोपा होता. आजच्या पेशींत साखर संपल्यावर दरवानावरचं फॉस्फेट खरंच निघून जातं, हे दाखवायचं. त्यासाठीच ती कुपीतली अँटिबॉडी. फॉस्फेट असलेला दरवानच ती ओळखते, बिनफॉस्फेटच्या दरवानाकडे ढुंकूनही बघत नाही. पेशी गोळा करायच्या, धुवायच्या, फोडायच्या, त्यातली प्रथिनं जेलमधून आकारानुसार वेगळी करून एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्या पडद्याला अँटिबॉडी लावायची. याला ब्लॉट म्हणतात. फॉस्फेट असेल तिथे काळी पट्टी उमटते. साखरेतल्या पेशींची पट्टी काळी यायला हवी होती, सहा तास उपाशी ठेवलेल्यांची फिकी.

दोन्ही काळ्या आल्या. थोरल्याने पुन्हा केलं, पुन्हा दोन्ही काळ्या. त्याच्या हाताचा दोष असेल म्हणून तिसऱ्यांदा मी केलं. माझ्या तर जास्तच काळ्या आल्या.

अर्थ सरळ होता. उपासमारीत फॉस्फेट निघत नसेल तर दरवान दार लावतच नाही. मग आजच्या पेशी जगल्या त्या दुसऱ्याच कशामुळे, आणि बाईंची उसन्या भाराची गोष्ट ही नुसतीच गोष्ट.

तिसरा ब्लॉट बाईंनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पट्ट्या सरळ, मागचा भाग स्वच्छ. तुझ्या हाताची चूक नाही."

मी वहीत तारीख लिहिली.

"चूक माझी आहे. शुक्रवारच्या भाषणात सांगून टाकते." शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्यांचं निरोपाचं भाषण होतं. "आणि पाठवलेला लेखही मागे घेते."

"बाई, इतकी घाई कशाला?" थोरला म्हणाला. "तुम्ही गेल्यावर मी अजून काही..."

"कुठल्या खोलीत? कुठल्या अँटिबॉडीने? ज्याच्या रक्तातून ती मिळाली तो ससा मेला त्याला नऊ वर्षं झाली." बाईंनी ब्लॉट माझ्या हातात परत दिला. "अरे, माझं चुकलं हे मी सांगितलं तर दोन वाक्यांत होतं. दुसऱ्याने सांगितलं तर त्याचं अख्खं व्याख्यान होतं."

त्या हसल्या. आम्हाला काही हसू आलं नाही.

मी काका-काकूंकडे राहते. त्यांची पावाची भट्टी खाली, आमची खोली वर, त्यामुळे मी लहानपणापासून यीस्टच्या वासात वाढले. संध्याकाळी काकू खाली ट्रे पुसत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय ग, आज कुणी मेलं वाटतं?"

"रोजच मरतात. आज बाईंची कल्पना मेली."

मी तिला थोडक्यात सांगितलं. काकूने ट्रे उलटा केला, मागची बाजू पुसली.

"म्हणजे वीस वर्षं एकच गोष्ट धरून बसल्या, आणि ती खोटी निघाली."

"खोटी नाही. चूक."

"बरं, चूक. मीसुद्धा तुझ्या काकाबरोबर बावीस वर्षं काढली, अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"ऐकू येतंय," भट्टीमागून काकांचा आवाज आला.

"ऐकू यायलाच बोलले." काकू माझ्याकडे वळली. "मला एक सांग. आम्ही यीस्ट मारतो आणि पाव विकतो. तू यीस्ट मारतेस आणि काय विकतेस?"

"विकत नाही. विचारते."

"मेल्यावर विचारतेस?"

"मरताना ती काय करत होती ते कळतं त्यातून. बाई म्हणतात, तेवढा एकच क्षण आपल्या हातात असतो."

"आणि बाई रडल्या का?"

"नाही. ब्लॉट सुंदर आहे म्हणाल्या."

काकूने फडका पिळला. "धन्य आहे त्या बाईची," ती म्हणाली आणि पुढचा ट्रे ओढला.

बुधवारी सकाळी मी खोलीत शिरले तेव्हा थोरला बेसिनजवळ हाताची घडी घालून उभा होता.

"धाकटे, बिस्किटं कुणी खाल्ली इथे?"

"मी नाही."

"मग या काय सेमिनारला आल्यात?"

खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती. भिंतीवरून खाली, ओट्याच्या कडेने पुढे. प्रयोगशाळेत खाणं हा मोठा गुन्हा, आणि माझ्या पिशवीत खरोखरच बिस्किटांचा पुडा होता. मी पिशवी उघडून दाखवली. पुडा बंद, मुंगी एकही नाही.

"मग तुझ्या कोटाचे खिसे," थोरला म्हणाला.

"दादा, तुझ्याच चहाचे डाग असतील."

"मी बिनसाखरेचा पितो. वयाचा मान राख."

मग आम्ही दोघं ओणवे होऊन रांगेच्या मागे गेलो. रांग बेसिनला वळसा घालून तिथे उभ्या असलेल्या एका मोठ्या बाटलीशी पोचली होती. बाटलीच्या झाकणाखाली एक ओघळ वाळला होता आणि त्याच्यावर मुंग्यांची दाटी झाली होती. बाटलीवर बाईंच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला: धुवण.

पेशी फोडण्याआधी ज्याने धुवायच्या ते हे पाणी. महिन्यातून एकदा बाई स्वतः ते बनवत; दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ही या खोलीची रीत होती. नवा विद्यार्थी आला की त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात: कपाटाला खुर्ची टेकव, आणि धुवण संपत आलं की बाईंना सांग.

"दादा, धुवणात काय असतं?"

"मीठ. पाणी. आम्लता सांभाळणारा एक क्षार."

"मिठाला मुंग्या लागतात?"

थोरल्याने झाकणाखालच्या ओघळाकडे पुन्हा पाहिलं. मग तो सरळ झाला, ओट्याला धरून.

बाई पलीकडच्या खोलीत कपाट रिकामं करत होत्या. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. थोरल्याने मला कोपर मारलं. शेवटी मीच विचारलं, "बाई, धुवणात साखर असते का?"

"दोन टक्के," बाई सहज म्हणाल्या. हातातली फाइल खोक्यात ठेवली. दुसरी उचलली. आणि ती तशीच हातात धरून थांबल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी फाइल खोक्यावर ठेवली. मग बाई खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या, आम्हाला कमी, स्वतःला जास्त. त्या तरुण होत्या तेव्हा या खोलीत पेशी मारत नसत, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ठेवून तासन्‌तास बघत असत. नुसत्या मिठाच्या पाण्यात पेशी कोमेजायच्या, म्हणून बाईंनी त्यात साखर घातली आणि त्या टवटवीत राहू लागल्या. "पुढे पद्धत बदलली. पाहुणे बदलले. पाहुणचार मात्र मी तोच ठेवला. त्यात साखर आहे हे मला माहीत होतं रे, पण ते कधी डोक्यातच आलं नाही. धुवण म्हणजे धुवण."

"म्हणजे आम्ही त्यांना सहा तास उपाशी ठेवायचो," थोरला हळूच म्हणाला, "आणि मारायच्या आधी त्यांचं तोंड गोड करायचो."

"आणि मग विचारायचो, काय ग, भूक लागली का?" मी म्हणाले.

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या.

"धुवायला किती वेळ लागतो? पहिल्या थेंबापासून पेशी फोडेपर्यंत?"

"दोन मिनिटं," थोरला म्हणाला. "फार तर सव्वादोन."

"धुवण गार असतं?"

"नाही. बाहेरच असतं ओट्यावर."

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांत मला चहा घ्यायचा की नाही हेसुद्धा ठरत नाही. आणि ही बघा. सहा तास दार लावून, दिवे घालवून बसलेली. बाहेर साखर आली हे तिला कळतं. निरोप आत जातो, एका कायनेजकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. फॉस्फटेज बाजूला होतं. एकेका दरवानावर फॉस्फेट चढतं, सगळ्यांवर. आणि आपण फोडायला येतो तोवर दार उघडून ही कामाला लागलेली." त्यांचे डोळे चमकत होते. आदल्या दिवसापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. "आणि आपण तीनदा हे समोर बघूनसुद्धा म्हणालो, काही हललंच नाही. केवढी शहाणी आहे!"

"म्हणजे बाई, तुमचंच बरोबर होतं!" थोरला जवळजवळ ओरडला.

"असं कुठे म्हणाले मी? काल वाटत होतं चूक आहे. आज माहीत नाही. एवढीच प्रगती."

माहीत करून घ्यायला अँटिबॉडी होती एका ब्लॉटपुरती, आणि भाषण परवा तीन वाजता. थोरल्याने फळा पुसला आणि दोन रकाने आखले: साखरेत, उपाशी. या वेळी धुवायचंच नाही. पेशी वाढत असलेल्या द्रवासकट बर्फगार आम्लात ओतायच्या. आम्लात त्या क्षणात मरतात, कायनेज आणि फॉस्फटेज दोन्ही जागच्या जागी गोठतात आणि फॉस्फेट जिथे असेल तिथेच राहतं.

बाईंनी खडू घेऊन तिसरा रकाना आखला. "उपाशी, आणि मग साखर."

"कशाला? उपाशी पट्टी फिकी आली की झालं," थोरला म्हणाला.

"नाही झालं. फिकी आली तर एवढंच कळेल की धुण्यात काहीतरी होत होतं. ते साखरेमुळे की सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवल्यामुळे, हे कुणी सांगायचं? मुंग्यांनी?"

"बरं. मग साखर दोन मिनिटं."

"दोन मिनिटांचं आपण तीनदा करून बसलोय," बाई म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलं: तीस सेकंद.

थोरला अस्वस्थ झाला. "बाई, तीस सेकंद तिला पुरले नाहीत तर? तिसरीही फिकी येईल. मग साखरेचा दोष सिद्धच होणार नाही, आणि अँटिबॉडी संपलेली. शुक्रवारी काय सांगणार?"

"फिकी आली तर सांगेन, फिकी आली."

"हा जुगार आहे."

"अरे, तिला मी इतकी वर्षं बघतेय. इतकी वर्षं मी म्हणतेय की उसना भार तिने घेतला तो झटकन घ्यायला नि झटकन सोडायला. झटकन म्हणजे किती, हे कधी मोजलंच नाही. आता शेवटची कुपी आहे तर जे विचारायचं ते विचारूया." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं ग?"

मला आजवर इथे कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तीस सेकंद." थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, घरभेद्याकडे बघावं तसं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पेशी साखरेतून काढून बिनसाखरेच्या द्रवात घातल्या, थोड्या साखरेतच ठेवल्या. अंगावरची उरलीसुरली साखर काढायला जे धुणं लागतं, त्यालाही या खेपेला तोच बिनसाखरेचा द्रव वापरला. दाराला खुर्ची टेकवली. दुपारी तीनला ओट्यावर बर्फ आला, बर्फात आम्लाच्या तीन नळ्या. थोरल्याच्या हातात घड्याळ, माझ्या हातात पेशी, बाईंच्या हातात साखरेच्या पाण्याची पिपेट. पांढरा कोट घातलेल्या बाईंना मी पहिल्यांदाच बघत होते. तो त्यांना सैल होत होता.

साखरेतल्या पेशी आम्लात. उपाशी पेशी आम्लात. पेशी आम्लात पडल्या की पाणी दुधाळ होतं, बाकी काही दिसत नाही. मग तिसरी नळी मी पुढे धरली. बाईंनी साखर सोडली, मी नळी हलवली आणि थोरला मोजू लागला. त्याने दहा म्हटलं तेव्हा माझ्या मनात आलं की आत या क्षणी लाखो दरवानांच्या अंगावर चिमण्या उतरत असतील, किंवा नसतील. नळी हातात होती, कोमट, आणि बाहेरून तिच्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. वीस. बाई नळीकडे बघत नव्हत्या, घड्याळाकडेही नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, तो नळी नीट हलवतोय का ते. तीस. मी ओतलं.

पुढची कामं नेहमीची. पडद्याच्या मोकळ्या जागा भरायला लोक पातळ दूध वापरतात, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मी सवयीने दुधाच्या भुकटीच्या डब्याकडे हात नेला तसा थोरला ओरडला, "दूध नको! दुधात केसीन असतं, केसीनवर ढिगाने फॉस्फेट. माझा पहिल्या वर्षीचा अख्खा ब्लॉट काळाठिक्कर पडला होता."

"म्हणून तू ताकही फुंकून पितोस," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आईने पिल्लाला कॅल्शियम पाजायचं तर ते पाण्यात खडा होऊन बसतं. केसीनच्या अंगावरची फॉस्फेटं त्याला धरून ठेवतात. तिथे ही चढ-उतर नाही, एकदा चढली की चढली. तीच चिमणी, काम निराळं. जे हाताशी असेल त्याला निसर्ग किती कामांना लावतो!"

कुपीतले चाळीस मायक्रोलिटर मी दोनदा पिपेट टेकवून काढले. तळाशी काही उरलं नाही. पडदा अँटिबॉडीसकट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून आम्ही घरी गेलो. काकूने विचारलं, "कळलं?" मी म्हणाले, "उद्या." ती म्हणाली, "पाव बरा. चाळीस मिनिटांत कळतं फुगला की नाही."

शुक्रवारी सकाळी बाई भाषणाचे दोन कागद घेऊन आल्या. एकाच्या वर त्यांनी काही लिहिलं नव्हतं, दुसऱ्याच्याही नाही. "पहिलं वाक्य अजून ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या.

थोरल्याने पडदा धुतला आणि कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवला. संगणकावर चित्र आलं तसा तो पुढे वाकला, पण बाई पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या.

"बाई, बघा तरी."

"नको. डोळ्यांना हवं ते दिसतं. आधी आकडे."

दरवान एकूण किती हे दाखवणारी दुसरी अँटिबॉडी आमच्याकडे भरपूर होती. तिने तोच पडदा मोजायचा, आणि फॉस्फेटच्या पट्टीला त्याने भागायचं, म्हणजे कुठल्या नळीत प्रथिन कमीजास्त पडलं असेल तर ते वजा होतं. त्याला दुपार झाली. अडीच वाजले होते. खालच्या सभागृहात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. विभागप्रमुख दारात येऊन "बाई, लोक जमलेत" म्हणाले आणि आमचे चेहरे बघून तिथेच उभे राहिले.

मी भागाकार केला, साखरेतल्या पट्टीला शंभर धरून. पुन्हा एकदा केला. थोरल्याने माझ्या खांद्यावरून तो तपासला आणि मान हलवली.

"वाच," बाई म्हणाल्या. त्यांची पाठ अजून आमच्याकडेच होती.

मी वाचलं. साखरेत, शंभर. सहा तास उपाशी, चार. सहा तास उपाशी आणि मग तीस सेकंद साखर, सत्त्याऐंशी.